रेशनकार्डापासून आयोगापर्यंत : सातारा-सांगलीतील हक्कांचा व्यवहार

‘मानवी हक्क’ हे शब्द नावातच असलेला कायदा भारतात १९९३ साली झाला. मानवी हक्क संरक्षण अधिनियम हे त्याचे नाव. जीवित, स्वातंत्र्य, समता आणि प्रतिष्ठा यांविषयी संविधानाने हमी दिलेले, किंवा आंतरराष्ट्रीय करारांत असलेले आणि भारतातील न्यायालयांना अंमलात आणता येतील असे हक्क, अशी त्यात मानवी हक्कांची व्याख्या आहे. राष्ट्रीय आणि राज्य मानवी हक्क आयोग याच कायद्याने उभे राहिले. तरीही सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत गेल्या चाळीसेक वर्षांत ज्यांनी हक्कासाठी कायद्याला हात घातला, त्यांची वाट बहुधा या कायद्यातून गेली नाही. ती गेली तहसील कचेरीच्या पुरवठा विभागातून, ग्रामपंचायतीच्या नमुना आठमधून, सोनोग्राफी केंद्राच्या नोंदींतून आणि पोलीस ठाण्यातल्या पंचनाम्यातून. आधी मागणी असते एखाद्या साध्या कागदाची. तो मिळाला नाही, आणि का मिळत नाही याचे धड उत्तरही मिळाले नाही, म्हणजे मग ‘हक्क’ हा शब्द तोंडी येतो.

आजच्या सांगली जिल्ह्याचा बराच भाग १९४९ पर्यंत साताऱ्यातच होता. त्या वर्षी दक्षिण सातारा हा वेगळा जिल्हा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. जुन्या सातारा जिल्ह्यातच १९४२च्या चळवळीनंतर क्रांतिसिंह नाना पाटील आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे प्रतिसरकार चालले. गावोगावी न्यायदान मंडळे बसत. जमिनीचे, कर्जाचे, बाईच्या छळाचे तंटे तिथे सुटत. कोर्टाचा खर्च नाही, वकील नाही, तारखा नाहीत. शिक्षा मात्र अशा असत की त्यांतल्या काही आज कोणत्याही आयोगापुढे टिकल्या नसत्या. प्रतिसरकारला पत्री सरकार हे नाव काही उगाच पडले नाही. पण न्याय गावात, आपल्या भाषेत आणि चारचौघांसमक्ष व्हावा, ही अपेक्षा या मुलखात तेव्हापासून रुजलेली आहे. कायद्याचा वापर इथे एकट्यादुकट्याने कमी आणि संघटनेच्या बळावर जास्त होत आला, त्याची मुळे तिथपर्यंत जातात.

या वापराचे सर्वांत बोलके उदाहरण परित्यक्तांचे आहे. ऐंशीच्या दशकात वाळवा तालुक्यातील कासेगाव आणि खानापूर तालुक्यातील विटा या भागांत इंदुताई पाटणकर, गेल ऑम्व्हेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्त्री मुक्ती संघर्ष चळवळीच्या वतीने नवऱ्याने टाकलेल्या बायकांची संघटना बांधली. त्याच दशकाच्या अखेरीस संगमनेरलाही परित्यक्तांची चळवळ सुरू झाली होती. टाकलेल्या बाईची अडचण अशी की कागदोपत्री ती कुठेच नसे. रेशनकार्ड नवऱ्याच्या नावावर, आणि त्यावर तिच्या जागी दुसरी आलेली. माहेरी आली तर भावाच्या कार्डावर एक जादा तोंड. घटस्फोट झालेला नाही, म्हणून कचेरीच्या लेखी ती विवाहित. म्हणजे तिचे कुटुंब नवऱ्याचे. विधवेसाठी योजना होत्या, परित्यक्तेसाठी रकानाच नव्हता.

पोटगीचा कायदा होता. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ खाली ती मागता येई. मात्र २००१ मध्ये दुरुस्ती होईपर्यंत त्या कलमात महिना ५०० रुपयांची कमाल मर्यादा होती. पोटगी मंजूर झाली तरी वसूल होईलच असे नाही, आणि वसुलीसाठी पुन्हा अर्ज, पुन्हा तारीख, पुन्हा एस.टी.चे भाडे आणि बुडालेली मजुरी. दुसरे लग्न करणाऱ्या नवऱ्यावर खटला भरता येतो हेही खरे. पण ते दुसरे लग्न विधिपूर्वक झाले हे सिद्ध करण्याचा भार तक्रार करणाऱ्या बाईवर, आणि त्या लग्नाला हजर असलेले सगळे नवऱ्याचे भावबंद. म्हणून चळवळीने मागितले ते वेगळेच : स्वतःच्या नावाचे रेशनकार्ड आणि घर बांधायला गावठाणात जागा. मागणी दिसायला किरकोळ आहे, तिचा अर्थ मोठा आहे. स्वतंत्र कार्ड म्हणजे स्वतंत्र कुटुंब. नवरा नसलेली, वैधव्यही न आलेली बाई कुटुंबप्रमुख असू शकते, एवढे सरकारने लिहून दिले की मग घरकुल, मुलांचे दाखले, कर्ज हे सारे त्या कार्डाच्या मागून येते. चळवळीने मोर्चे तहसील कचेरीवर नेले, कारण त्या कागदावर सही करणारा माणूस तिथे बसत होता.

पुढे कायदा थोडा त्या दिशेने सरकला. महाराष्ट्र शासनाने २००३ मध्ये ग्रामपंचायतीच्या नमुना आठवर घराची नोंद नवरा-बायको दोघांच्या नावे करण्याचे धोरण घेतले; ‘घर दोघांचे’ या नावाने ते ओळखले जाते. कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा २००६ मध्ये अंमलात आला आणि राहत्या घरातून बाईला बाहेर काढता येणार नाही, हे प्रथमच स्पष्ट शब्दांत लिहिले गेले. राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याने २०१३ मध्ये रेशनकार्डासाठी कुटुंबातील अठरा वर्षांवरील सर्वांत मोठी बाई कुटुंबप्रमुख ठरवली. यातली गोम अशी की एकत्र घरात सर्वांत मोठी बाई म्हणजे बहुधा सासू, आणि माहेरी परतलेलीच्या बाबतीत आई किंवा थोरली भावजय. स्त्रीला कुटुंबप्रमुख करणारा कायदा परित्यक्तेपर्यंत आपोआप पोचत नाही. तिला कार्ड वेगळे करून घ्यावेच लागते, आणि ते करताना पुन्हा नवऱ्याच्या कार्डावरून नाव कमी केल्याचा दाखला मागितला जातो. तो दाखला आणायचा कोणाकडून, तर ज्याने टाकले त्याच्याकडून.

कोयनेच्या धरणग्रस्तांची गोष्टही कागदाचीच आहे, फक्त ती उलट्या क्रमाने घडली. पाटण आणि जावळी तालुक्यांतील गावे उठली ती पन्नाशीच्या अखेरीस आणि साठीच्या सुरुवातीस. विजेची निर्मिती १९६२ मध्ये सुरू झाली. प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा राज्याचा कायदा आला १९७६ मध्ये. म्हणजे ज्यांच्या त्यागावर राज्याची वीज उभी राहिली ते कायद्याच्या आधीचे. नंतरच्या धरणांतील विस्थापितांना जे हक्काने मागता येते, ते कोयनावाल्यांना आंदोलन करून मिळवावे लागले, आणि डॉ. भारत पाटणकर यांच्या श्रमिक मुक्ती दलाच्या झेंड्याखाली त्यांची तिसरी पिढी त्यासाठी ठिय्या देत आली आहे. तिथे कळीचा कागद म्हणजे प्रकल्पग्रस्ताचा दाखला आणि पात्र खातेदारांची यादी. आजोबाच्या नावाचा सातबारा पाण्याखाली, आणि नातवाने वारसा सिद्ध करायचा.

साताऱ्यात कायदा वापरण्याची आणखी एक तऱ्हा घडली. २००१च्या जनगणनेत शून्य ते सहा वयोगटात दर हजार मुलग्यांमागे राज्यात ९१३ मुली होत्या. साताऱ्यात हा आकडा ८७८ आणि सांगलीत ८५१ होता. ऊस, दूध, सहकारी साखर कारखाने आणि शिक्षणसंस्था यांनी संपन्न झालेला हा पट्टा. शेताची वाटणी नको, हुंडा नको, आणि सोनोग्राफीचे केंद्र तालुक्याच्या गावी. या तिन्हींची गाठ पडली. गर्भलिंगनिदानाला बंदी घालणारा कायदा महाराष्ट्राने १९८८ मध्येच केला होता, केंद्राचा १९९४चा कायदा १९९६ पासून लागू होता. तो पडून राहिल्याचे सांगत सेहत आणि मासूम या महाराष्ट्रातील संस्था व डॉ. साबू जॉर्ज २००० साली सर्वोच्च न्यायालयात गेले. न्यायालयाने राज्यांना यंत्रणा उभी करायला लावली आणि २००३ मध्ये कायदाही कडक झाला.

यंत्रणा उभी राहिली तरी पुरावा कोण देणार, हा प्रश्न उरला. गर्भलिंगनिदानात तक्रारदार नसतो. डॉक्टरला पैसे मिळतात, कुटुंबाला हवे ते कळते, आणि जिच्यावर अन्याय होतो ती जन्मालाच येत नाही. साताऱ्यातील दलित महिला विकास मंडळाच्या ॲड. वर्षा देशपांडे यांनी ‘लेक लाडकी’ अभियानातून यावर उपाय काढला तो बनावट ग्राहकाचा, ज्याला सगळे ‘स्टिंग’ म्हणतात. पोटुशी असलेली एखादी बाई स्वतःहून तयार होते. तिच्यासोबत ‘नणंद’ किंवा ‘आई’ म्हणून कार्यकर्ती जाते. द्यायच्या नोटांचे क्रमांक आधी लिहून ठेवलेले असतात, पंच ठरलेले असतात. केंद्रात सरळ काहीच बोलले जात नाही. पेढे की बर्फी, एवढ्यावर भागते. खूण झाली की समुचित प्राधिकारी, म्हणजे या कायद्याखाली नेमलेला आरोग्य खात्याचा अधिकारी, आत येतो. नोटा जुळवल्या जातात, मशीन सील होते, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे ‘एफ’ फॉर्मचा गठ्ठा ताब्यात घेतला जातो.

हा एफ फॉर्म या कायद्यातील खरी मेख आहे. प्रत्येक गरोदर बाईची सोनोग्राफी का केली, कोणी पाठवले, काय दिसले याची नोंद त्यात करावी लागते. नोंद अपुरी असेल तर कायद्याचा भंग झाला असे कायदा गृहीत धरतो. भंग केला नाही हे डॉक्टरने दाखवायचे. ‘नुसत्या कारकुनी चुकीसाठी खटले कसले’, असा डॉक्टरांच्या संघटनांचा आक्षेप होता. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये तो फेटाळला. जो गुन्हा बंद खोलीत, दोघांच्या संमतीने होतो, त्याचा माग कागदाशिवाय लागणार नाही, हे त्यामागचे तर्कशास्त्र आहे आणि ते रास्त आहे. गरोदर बाईने नवऱ्याच्या वा सासरच्या दबावाखालीच तपासणी केली, असेही हा कायदा गृहीत धरतो; म्हणून तिला आरोपी करण्याऐवजी साक्षीदार करता येते. आणखी एक सोय सामान्य माणसासाठी आहे. समुचित प्राधिकाऱ्याला पंधरा दिवसांची नोटीस देऊन कोणताही नागरिक वा संस्था थेट न्यायालयात तक्रार करू शकते. अधिकारी ढिम्म बसला तरी दार बंद होत नाही.

असा खटला निकालापर्यंत नेणे मात्र जिकिरीचे असते. बनावट ग्राहक झालेल्या बाईचे बाळ शाळेत जायला लागले तरी तिची साक्ष व्हायची असते. तोवर पंच बदललेले असतात, आणि तालुक्याच्या गावात डॉक्टरविरुद्ध बोलायचे म्हणजे उद्या आपलेच मूल कोणाकडे न्यायचे, हा विचार आडवा येतो. सांगली जिल्ह्यात मिरज तालुक्यातील म्हैसाळ येथे मार्च २०१७ मध्ये गर्भपातात एका विवाहितेचा मृत्यू झाला आणि तपासात पुरलेली १९ भ्रूणे सापडली. ज्या भागात कायद्याचा एवढा गाजावाजा झाला, त्याच भागात हे चालू होते. २०२५ मध्ये वर्षा देशपांडे यांना संयुक्त राष्ट्रांचा लोकसंख्या पुरस्कार मिळाला. तो ज्या कामासाठी मिळाला ते काम मात्र अजून सरलेले नाही.

साताऱ्यातच २०११ मध्ये जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागाने आणखी एक गोष्ट केली. तिसरी-चौथी मुलगी झाली की तिला ‘नकोशी’ नाव ठेवायचे, म्हणजे पुढे मुलगा होतो, असा समज या भागात आहे. अशा मुली शोधून काढून त्या वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये साताऱ्यात एका समारंभात अडीचशेहून अधिक मुलींचे नव्याने बारसे झाले. कोणी ऐश्वर्या झाली, कोणी आणखी काही. बालहक्कांच्या आंतरराष्ट्रीय करारात, ज्यात भारत १९९२ मध्ये सामील झाला, प्रत्येक मुलाला जन्मापासून नावाचा हक्क दिलेला आहे. तो लिहिणाऱ्यांच्या मनात बिननावाची मुले असणार. नावच अपमान असलेल्या मुली त्यांना सुचल्या नसतील. आणि इथेही खरे काम समारंभानंतरचे होते : शाळेचे रजिस्टर, जन्माची नोंद, रेशनकार्ड, सगळीकडे नवे नाव चढवायचे. ते न केले तर दहावीच्या गुणपत्रिकेवर जुनेच नाव उगवते.

आतापर्यंतच्या उदाहरणांत कायदा बाईच्या बाजूचा होता, तो वापरात आणायचा एवढाच प्रश्न होता. सांगलीच्या गोकुळनगरात गोष्ट वेगळी घडली. तिथे धंदा करणाऱ्या बायकांसाठी ‘संग्राम’ ही मीना सेषू यांची संस्था १९९२ पासून एचआयव्ही प्रतिबंधाचे काम करू लागली. कंडोम वाटायचे, ते बायकांनीच एकमेकींना वाटायचे, अशी पद्धत होती. त्यातून १९९६ मध्ये या बायकांची स्वतःची संघटना झाली, वेश्या अन्याय मुक्ती परिषद. बोलण्यात ती ‘व्हॅम्प’. सीमाभागातून आलेल्या, देवाला सोडलेल्या बायका तीत मोठ्या संख्येने होत्या. गिऱ्हाईक, घरवाली, मालक, पोलीस आणि गुंड यांच्याशी होणारे तंटे त्या आपल्या समितीत सोडवू लागल्या.

त्यांचा संबंध ज्या कायद्याशी येतो त्याला वस्तीत ‘पिटा’ म्हणतात. अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायदा, १९५६. या कायद्याने धंदा करणे हा स्वतः गुन्हा नाही. कुंटणखाना चालवणे, दुसरीला धंद्याला लावणे, तिच्या कमाईवर जगणे, सार्वजनिक जागेजवळ धंदा करणे, गिऱ्हाईक बोलावणे हे गुन्हे आहेत. कागदावर हा कायदा बाईला पीडित मानतो. व्यवहारात धाड पडली की तिला उचलले जाते, वैद्यकीय तपासणी होते, दंडाधिकाऱ्यापुढे उभे केले जाते आणि ‘संरक्षणासाठी’ सुधारगृहात एक ते तीन वर्षे ठेवता येते. कमाईवर जगणाऱ्यांच्या कलमात तिचा अठरा वर्षांवरील मुलगाही सापडू शकतो, आणि म्हातारी आईसुद्धा.

मे २००५ मध्ये एका परदेशी ‘सुटका’ संस्थेच्या पुढाकाराने पोलिसांनी गोकुळनगरावर धाड घातली. अल्पवयीन मुली असल्याची माहिती होती. उचलल्या गेल्या त्यांत सज्ञान बायकाच अधिक होत्या. अल्पवयीन मुलीला आणि फसवून आणलेलीला बाहेर काढलेच पाहिजे, याविषयी संघटनेचेही दुमत नव्हते. तिचे म्हणणे असे की सज्ञान बाईला तिच्या इच्छेविरुद्ध कोंडून ठेवणे ही सुटका नव्हे. त्याच वर्षी संग्रामने अमेरिकी सरकारचा निधी नाकारला, कारण तो घेणाऱ्याला वेश्याव्यवसायाला विरोध असल्याचे धोरण लेखी मान्य करावे लागे. ज्यांच्याबरोबर काम करायचे त्यांच्याच विरोधात सही कशी करायची, असा साधा प्रश्न होता. पुढे २०१८ मध्ये संग्रामने महाराष्ट्रातील धाडींचा अभ्यास प्रसिद्ध केला. बोलते केलेल्या २४३ बायकांपैकी १९३ जणी सज्ञान आणि स्वतःच्या मर्जीने धंद्यात असलेल्या निघाल्या.

या बायकांनी आपला मुद्दा न्यायालयांपुढे आणि संयुक्त राष्ट्रांच्या समित्यांपुढेही मांडला. स्त्रियांविरुद्धचे सर्व भेदभाव नष्ट करण्याच्या करारावर भारताने १९९३ मध्ये शिक्कामोर्तब केले. त्याच्या सहाव्या अनुच्छेदात स्त्रियांचा व्यापार आणि वेश्याव्यवसायातून होणारे शोषण दडपण्याची जबाबदारी राज्यांवर टाकली आहे. ‘शोषण दडपा’ याचा अर्थ ‘धंदा दडपा’ असा लावायचा की ‘धंद्यातील बाईचे शोषण थांबवा’ असा, यावर सगळा वाद आहे. स्त्रीवादी संघटनांतही तो मिटलेला नाही. हक्कांचा कायदा कोणाच्या हातात आहे त्याप्रमाणे तो ढाल होतो किंवा दांडके होतो, हे गोकुळनगराइतके स्पष्ट क्वचितच दिसते.

न्यायालये हळूहळू बायकांच्या म्हणण्याकडे आली. सप्टेंबर २०२० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सुधारगृहात ठेवलेल्या तीन सज्ञान तरुणींना सोडण्याचा आदेश देताना, वेश्याव्यवसाय हा कायद्याने गुन्हा नाही आणि सज्ञान स्त्रीला तिच्या इच्छेविरुद्ध डांबता येत नाही, असे सांगितले. त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने कोलकात्यातील एका खून खटल्यातून उभ्या राहिलेल्या बुद्धदेव कर्मास्कर प्रकरणात, टाळेबंदीत उपाशी पडलेल्या या बायकांना ओळखपत्र न मागता रेशन द्या, असे राज्यांना बजावले. महाराष्ट्राने तीन महिने दरमहा ५,००० रुपये आणि शाळेत जाणारी मुले असतील तर आणखी २,५०० रुपये देण्याचे ठरवले. १९ मे २०२२च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयाने संविधानाच्या अनुच्छेद २१ मधील प्रतिष्ठेने जगण्याचा हक्क त्यांनाही आहे, असे नमूद केले. सुधारगृहांची पाहणी करून इच्छेविरुद्ध ठेवलेल्या सज्ञान बायकांना सोडण्याबाबत कालबद्ध पावले उचला, कंडोम सापडला म्हणून तो गुन्ह्याचा पुरावा धरू नका, माध्यमांनी चेहरे दाखवू नयेत, आणि राहण्याच्या पुराव्याशिवाय ठरलेल्या प्रमाणपत्रावर आधार कार्ड द्या, असे त्यात होते. या प्रकरणात न्यायालयाने नेमलेल्या समितीच्या काही शिफारशींना केंद्राची हरकत असल्याने सगळ्याच शिफारशी बंधनकारक झाल्या नाहीत. पिटा कायदा जसा होता तसाच आहे. पण विट्याच्या परित्यक्तेला जे कार्ड हवे होते, तेच तीन दशकांनी गोकुळनगरच्या बाईलाही हवे होते, आणि ते मिळवून द्यायला देशाच्या सर्वोच्च न्यायालयाला आदेश काढावा लागला.

हक्क मोडणारा दरवेळी सरकारी अधिकारीच असतो असे नाही. जातपंचायतींनी आंतरजातीय लग्नांवरून घरे वाळीत टाकणे हा प्रकार दोन्ही जिल्ह्यांत घडत आला. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्यामुळे साताऱ्याशी बांधल्या गेलेल्या अंधश्रद्धा निर्मूलन समितीने याविरुद्ध मोहीम चालवली. त्यांच्या २०१३ मधील खुनानंतर ती थांबली नाही. महाराष्ट्राने सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा २०१६ मध्ये केला आणि तो २०१७ पासून लागू झाला. वाळीत टाकणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद वा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पलूस येथे २०२२ मध्ये जातपंचायतीच्या सदस्यांवर याच कायद्याखाली गुन्हा नोंदला गेला. तक्रार देणाऱ्याला मात्र त्याच वस्तीत, त्याच नात्यागोत्यात राहायचे असते. म्हणून पीडिताच्या संमतीने आणि न्यायालयाच्या परवानगीने तडजोड करण्याची मुभा कायद्यात ठेवलेली आहे.

पूर आला की हाच हिशेब पुन्हा उघडा पडतो. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेच्या पुराने सांगली शहर आणि पलूस, मिरज, वाळवा तालुक्यांतील गावे बुडाली, आणि २०२१ मध्ये पुन्हा पाणी आले. सरकारी मदत पंचनाम्यावर मिळते आणि पंचनामा घराच्या कागदावर होतो. भाड्याच्या खोलीत राहणारा, गायरानात झोपडी असलेला, कार्ड गावाकडे ठेवून आलेला मजूर यांचे नुकसान तेवढेच असले तरी ते नोंदवायचे कशाच्या आधारे, हा प्रश्न येतो. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ नुसार आपत्तीग्रस्ताला मोफत वकील मिळतो, ही गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, अपंग, कामगार आणि अटकेतील व्यक्ती यांनाही उत्पन्न न पाहता ही सेवा मिळते. सातारा आणि सांगलीच्या जिल्हा न्यायालयांत या प्राधिकरणाची कार्यालये आहेत, तालुक्याला समित्या आहेत. साधा अर्ज पुरतो.

ज्या कायद्याच्या नावातच मानवी हक्क आहेत, त्याचा खरा उपयोग कोठडीच्या बाबतीत होतो. नोव्हेंबर २०१७ मध्ये सांगली शहर पोलीस ठाण्यात लुटीच्या गुन्ह्यात अटक झालेल्या तरुणाचा कोठडीत मृत्यू झाला. आरोपी पळून गेला असे आधी सांगण्यात आले. नंतर मृतदेह आंबोली घाटात नेऊन जाळल्याचे उघड झाले. उपनिरीक्षकासह पोलिसांना अटक झाली आणि तपास सीआयडीकडे गेला. घरच्यांनी ‘पळाला’ हे उत्तर मान्य करायला नकार दिला, यावर त्या प्रकरणात सगळे अवलंबून होते. अशा मृत्यूची खबर चोवीस तासांत राष्ट्रीय आयोगाला द्यावी, असा १९९३ पासूनचा दंडक आहे आणि दंडाधिकाऱ्याची चौकशी बंधनकारक आहे. अटकेच्या वेळी नातेवाइकाला कळवणे, अटकेचे टाचण करून त्यावर साक्षीदाराची सही घेणे, ही बंधने सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये डी. के. बसू खटल्यात घातली. ठाण्यातील सीसीटीव्हीचे चित्रण किमान वर्षभर जपावे आणि हक्कभंगाच्या तक्रारीत आयोगाला वा मानवी हक्क न्यायालयाला ते मागवता यावे, असे २०२० मध्ये ठरले.

राज्य मानवी हक्क आयोग २००१ पासून मुंबईत काम करतो. त्याच्याकडे तक्रार करायला फी नाही, वकील लागत नाही, मराठीत लिहिलेला अर्ज चालतो. घटनेला एक वर्ष उलटले की मात्र आयोगाला चौकशी करता येत नाही, आणि ही मुदत बहुतेकांना ती संपल्यावर कळते. चौकशीत आयोगाला दिवाणी न्यायालयाचे अधिकार असतात. साक्षीदार बोलावता येतात, कागद मागवता येतात. निकाल मात्र शिफारशीच्या स्वरूपात येतो : भरपाई द्या, खटला भरा, कारवाई करा. सरकारने ती मानली नाही तर आयोगाला उच्च न्यायालयात जावे लागते. याच कायद्याने सत्र न्यायालयांना मानवी हक्क न्यायालयाचा दर्जा देण्याची सोय केली. पण तिथे कोणते गुन्हे चालवायचे आणि कसे, हे सांगायचे राहून गेले. त्यामुळे जिल्ह्याच्या ठिकाणी ते न्यायालय बहुतांशी पाटीपुरते उरते.

उरतो तो अनुच्छेद २२६ खालचा रिट अर्ज. बेकायदा डांबलेल्याला हजर करा, अधिकाऱ्याला त्याचे काम करायला लावा, हे उच्च न्यायालय सांगू शकते. त्यासाठी सातारा-सांगलीच्या माणसाला मुंबई गाठावी लागे. सहा जिल्ह्यांतील वकिलांनी खंडपीठासाठी अनेक दशके आंदोलन केले. १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच कोल्हापूरला बसू लागले, आणि सातारा, सांगली, कोल्हापूर, सोलापूर, रत्नागिरी व सिंधुदुर्ग या जिल्ह्यांतील प्रकरणे तिथे चालतात. सांगलीहून सकाळी निघालेला पक्षकार आता कोर्टाचे काम उरकून संध्याकाळी घरी परतू शकतो.